मागे घेतलेली मुलाखत

मानसशास्त्र विभागात पीएचडी करणाऱ्यांमध्ये वयाने तीच मोठी, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच ती सगळ्यांची ताई झाली. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत जो तो ताई म्हणायचा, म्हणून इथेही तिला ताईच म्हणू. चाळिशी ओलांडलेली, मुलगी कॉलेजात जाण्याच्या बेतात आलेली, आणि स्वतः एका कॉलेजात बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची संशोधनं फळ्यावर लिहिली, आता एखादं आपलंही असावं, असं ती चारचौघांत सांगायची. नवरा म्हणायचा, "घरात कुणाच्या मनात काय चाललंय ते हिला न सांगता कळतं. तरी विद्यापीठाकडून सही-शिक्का हवाय."

तिने निवडलेला विषय हलका नव्हता. घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा केलेली माणसं, आणि तो आजारी माणूस गेल्यानंतर त्यांच्या मनाची होणारी अवस्था. दीर्घ दुखण्यातून कुणी गेलं की भेटायला येणारे म्हणतात, "सुटले बिचारे." जो गेला तो सुटला. पण ज्याची झोप, नोकरी, कंबर सगळं त्या खाटेपाशी खर्ची पडलं, त्याचं काय? तोही सुटला असं कुणी म्हणत नाही, आणि तो स्वतः तर नाहीच नाही. ताईला नेमकं तेच विचारायचं होतं.

विषयाच्या मंजुरीसाठी केलेल्या टिपणात तिने लिहिलं की या बाजूने फारसा अभ्यास झालेला नाही. ते खरंच होतं. पण खरं कारण दुसऱ्या गावात चष्म्याचं दुकान चालवत होतं.

तो तिचा थोरला भाऊ, दादा. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि अंथरूण कायमचं झालं. पुढची सगळी वर्षं दादाने आणि वहिनीने काढली. ताई सुट्ट्यांमध्ये जायची. येताना मऊ उशा, नवी चादर, कुठल्याशा डॉक्टरांचा पत्ता असं घेऊन यायची, चार दिवस राहायची, सल्ले द्यायची आणि परत जायची. ती खोलीत शिरली की वडील तिच्याकडे बघून "बारके" म्हणायचे. बारकी हे तिचं घरातलं नाव. वाचा गेली तरी लेकीचं नाव राहिलं, असं येणारे-जाणारे कौतुकाने म्हणायचे. ते ऐकून ताईला एकीकडे रडू यायचं आणि दुसरीकडे आत कुठेतरी ऊबही वाटायची. ती ऊब तिने जपून ठेवली होती.

वडील गेले त्यानंतर दादा त्यांच्याविषयी बोललाच नाही. ताईने पीएचडीला प्रवेश घेतल्याचं फोनवर सांगितलं, विषय सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "माणसं सांभाळण्यावर पीएचडी? छान आहे. आम्हाला आपलं नुसतं सांभाळताच आलं." तो हसत म्हणाला होता, तीही हसली.

मुलाखती सुरू झाल्या. घरोघरी जायचं, संमतिपत्र वाचून दाखवायचं, सही घ्यायची, रेकॉर्डर टेबलावर ठेवायचा आणि गप्प बसायला शिकायचं. गप्प बसणं सगळ्यांत अवघड. तिची मार्गदर्शक प्राध्यापिका, जिला सारा विभाग मॅडम म्हणायचा, एकदा तिची एक मुलाखत ऐकून म्हणाली होती, "ताई, समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला की तुम्ही त्याच्या तोंडात वाक्य घालता. मुलाखत देतोय कोण, तो की तुम्ही?" मॅडम वयाने तिच्याहून थोडीच मोठी, पण बोलणं असं सरळ. ताईने ते मनाला लावून घेतलं नाही, कानाला लावून घेतलं.

लोक बोलायचे. आजाराबद्दल, औषधांबद्दल, न येणाऱ्या नातेवाइकांबद्दल भरभरून बोलायचे. पण प्रश्न शेवटाकडे वळला की सगळ्यांचं गाडं एकाच जागी येऊन थांबायचं. "सुटले ते." आणि तुम्ही? "आमचं काय, आम्ही आहोत." तेवढंच. 

मग काकू भेटल्या.

काकू निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगताना आधी दिशा सांगायच्या. "ही पूर्वेची खोली, इथे त्यांची खाट होती." खाट आता नव्हती, पण फरशीवर तिच्या पायांचे चार डाग राहिले होते आणि काकू त्यांना वळसा घालून चालायच्या. त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते. विस्मरणाचा आजार जडला आणि हळूहळू घर, माणसं, स्वतःचं नाव सगळं पुसलं गेलं. नोकरी तेवढी आत कुठेतरी शिल्लक राहिली. दिवसातून कितीदा तरी ते उठून घरातले सगळे नळ सोडायचे आणि पाण्याला दाब आहे का ते बघत उभे राहायचे. शेवटी काकूंनी नळ फिरवायच्या मुठीच काढून घेतल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. पाणी हवं असलं की पर्स उघडायची, मूठ बसवायची, पाणी घ्यायचं, मूठ काढायची.

"मला ते बाई म्हणायचे," काकू म्हणाल्या. "कुणीतरी कामाला ठेवलेली बाई. संध्याकाळ झाली की विचारायचे, बाई, आमची मंडळी कधी येणार घरी? मी सांगायचे, येतीलच आता, बाजारात गेल्यात. मग ते दाराकडे बघत बसायचे. माझी वाट. आणि मी इथे, त्यांच्या शेजारी."

ताई काही बोलली नाही. आता तिला ते जमत होतं.

"ते गेले त्या दिवशी दुपारी सगळे पांगले. मुलगा कागदपत्रांसाठी बाहेर गेला. मी पर्स उघडली आणि एकेक मूठ जागच्या जागी बसवत गेले. स्वयंपाकघर, मोरी, गॅलरी. मग मोरीतला नळ पूर्ण सोडला. बादली भरली, वरून वाहायला लागली. मी बंद केला नाही. स्टुलावर बसले आणि हसले. एवढी हसले की पोटात दुखायला लागलं. सगळे म्हणत होते, ते सुटले. मी सुटले हो. मी. लिहा तसंच."

ताईने रेकॉर्डर बंद केला. परतीच्या बसमध्ये तिला वाटलं, आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हे. आणि लगेच लाजही वाटली, कारण त्या वाटण्यात आनंद होता.

मॅडमने टाइप केलेली मुलाखत वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं बोलणारं माणूस मिळायला नशीब लागतं," ती म्हणाली. "आता याला सांभाळा. भावनेच्या भरात वाहून जाऊ नका." ताईने सांभाळलं. चौथं प्रकरण त्या मुलाखतीवर उभं राहिलं. इतरांच्या बोलण्यातल्या गाळलेल्या जागा काकूंच्या बोलण्याशेजारी ठेवल्या की भरल्यासारख्या दिसायच्या. जे बाकीचे बोलत नव्हते ते काय असावं, हे काकूंमुळे कळत होतं. नाव नव्हतं, गाव नव्हतं, अभियंत्याचा तिने दुसराच कुणी नोकरदार करून टाकला होता. विभागाच्या चर्चासत्रात तिने ते प्रकरण वाचलं तेव्हा नेहमी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी मुलंही मान वर करून ऐकत होती.

प्रबंध जवळजवळ पुरा होत आला, तेव्हा कबूल केल्याप्रमाणे ती ते प्रकरण काकूंना दाखवायला घेऊन गेली. मुलाखतीला आता दीड-दोन वर्षं होऊन गेली होती. काकूंनी तिच्यासमोरच ते वाचलं, पेपर तपासावेत तसं, ओळीखाली बोट ठेवून. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवले. "चांगलं लिहिलंय," एवढंच म्हणाल्या. ताईचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "जरा येऊन जाता का?"

ताई गेली. पूर्वेच्या खोलीत आता एक टेबल आणि दोन खुर्च्या आल्या होत्या. काकूंनी चहा पुढे केला आणि आढेवेढे न घेता म्हणाल्या, "मला माझी मुलाखत परत हवी."

"काही चुकलंय का? एखादा तपशील बदलायचा असेल तर..."

"चूक नाही. मी जे बोलले तेच आहे. तेव्हा ते खरं होतं." काकू समोरच्या खुर्चीत बसल्या. "तुम्ही आलात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. नळ सोडणारा. त्याच्या आधीचा माणूस मला आठवायचाच नाही, कितीही प्रयत्न केला तरी. चेहराही तोच यायचा, आजारातला. आता गेल्या काही महिन्यांत दुसरा यायला लागलाय. आम्ही नवीन नवीन संसार मांडला तेव्हा ते मला सुट्टीच्या दिवशी धरणावर घेऊन जायचे, वर्गात शिकवायला बरं म्हणून. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, सगळं काठीने मातीत काढून दाखवायचे. मी विसरलेच होते. तो माणूस परत आलाय. आणि मी ज्याच्यापासून सुटले तो हा नव्हे. तुमच्या कागदात ते दोघं एकच आहेत."

ताईला हे इतकं महत्त्वाचं वाटलं की तिच्या तोंडून निघून गेलं, "काकू, हे आपण त्यात घालू या ना? हेच तर..." आणि तिचा हात पिशवीतल्या पेनाकडे गेला.

काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या हुशार मुलीने सोपं गणित चुकवावं आणि बाईंनी बघावं, तसं.

"बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही लगेच लिहायला घेतलंत."

ताईने हात मागे घेतला. मान खाली घालून ती म्हणाली, "मुलाखत मागे घ्यायची मुदत संपलीय काकू. संमतिपत्रात लिहिलेलं आहे."

"वाचलंय मी. सही करताना वाचलं होतं आणि काल परत वाचलं. नियमाने मागत नाहीये. तुमच्याकडे मागतेय."

चहा तसाच राहिला. जिना उतरताना ताईला काकूंचा राग आला, मग स्वतःचा आला, मग कुणाचाच येईना.

मॅडमने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विद्यापीठाच्या समितीने मंजूर केलेलं काम आहे. मुदत गेलेली आहे. त्यांना कुणी ओळखणार नाही, याची काळजी तुम्ही घेतलीय."

"त्या स्वतः ओळखतात, मॅडम."

"ताई, माणसांची मनं बदलतात. आज एक, उद्या एक. प्रत्येकाने येऊन माझं परत द्या म्हटलं तर आपलं शास्त्र उभं राहायचं कशावर?"

"बरोबर आहे तुमचं."

"मग?"

"मग काही नाही. मला ते ठेवता येणार नाही."

मॅडमने समोरची फाइल मिटली. "प्रबंध लंगडा होईल. परीक्षक विचारतील. मुदतवाढ मागावी लागेल, आणि अर्जात कारण तुम्हीच लिहायचं, मी लिहिणार नाही." थोड्या वेळाने तिने टेबलावरची फाइल ताईकडे सरकवली. "तुमचा प्रबंध आहे. मी तुमच्या जागी असते तर ठेवलं असतं, हे सांगून ठेवते." त्यानंतर बरेच दिवस त्यांचं बोलणं कामापुरतं होत राहिलं.

रेकॉर्डिंग पुसायला काही क्षण लागले. खरं काम पुढे होतं. काकू चौथ्या प्रकरणातच नव्हत्या, त्या सगळीकडे झिरपल्या होत्या. पहिल्या प्रकरणातला प्रश्न त्यांना भेटल्यानंतर धारदार झाला होता, दुसऱ्यातला एक उतारा त्यांच्याकडे बोट दाखवत होता, शेवटचे निष्कर्ष तर त्यांच्याच शब्दांवर उभे होते. विणलेल्या स्वेटरमधला एक धागा ओढावा आणि बाही सुटून हातात यावी, तसं झालं. ताई विभागातल्या आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून एकेक वाक्य काढत राहिली. उरलेल्या मुलाखती पुन्हा ऐकल्या. लोक जिथे थांबले होते, तिथे काय असावं हे तिला आता माहीत होतं, पण ते लिहायला तिच्याकडे आधार राहिला नव्हता. ते थांबतात, एवढंच तिला लिहिता येत होतं.

काम झाल्यावर तिने काकूंना फोन केला. "काढलं सगळं."

"बरं," काकू म्हणाल्या. मग, "जेवलात का?"

"हो."

"ठीक आहे मग." फोन ठेवला गेला. त्यानंतर त्यांची गाठ पडली नाही.

त्या दिवसांत ताईचं मन कशातच लागेना. नवरा म्हणाला, "दादाकडे जाऊन ये. घर म्हणजे काय विद्यापीठ नाही, तिथे मुदतवाढ लागत नाही." म्हणून ती गेली.

सुट्टीचा दिवस होता. दुकान बंद होतं, पण दादा आत बसून फ्रेमा पुसत होता. वहिनी वर घरात स्वयंपाक करत होती. ताई काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि तिने त्याला सांगितलं. नाव नाही, हकीकत नाही, फक्त एवढंच की एका बाईंनी मन मोकळं केलं होतं, नंतर ते परत मागितलं, आणि आपण देऊन टाकलं.

दादाचे हात थांबले. "म्हणजे एवढ्या वर्षांचं काम त्या एका मुलाखतीवर होतं?"

"बरंचसं."

"आणि पुसलंस?"

"हो."

तो एक फ्रेम उजेडात धरून बघत राहिला. तीत काच नव्हती. मग ती खाली ठेवून म्हणाला, "बारके, मी तुला एक गोष्ट सांगणार आहे. लिहायची नाही. नाव बदलून नाही, गाव बदलून नाही."

"नाही लिहिणार."

"बाबा तुला बारके म्हणायचे ना, तू आलीस की."

"हो."

"ते मलाही बारकेच म्हणायचे."

ताईला आधी कळलं नाही.

"त्यांच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी बारके. कुशीवर वळायचं असलं तरी बारके. दुखत असलं, भूक लागली, डास चावला, उजेड डोळ्यांवर आला, बारके. डॉक्टरांनाही बारके. तुझी वहिनी दूध घेऊन गेली की तिला बारके. तू यायचीस आणि तुला म्हणायचे, आणि तुझा चेहरा असा व्हायचा, की मी तुझ्या वहिनीला सांगून ठेवलं, हिला कुणी काही बोलायचं नाही."

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की कधी कधी रुग्णाकडे एखादाच शब्द उरतो आणि तोच तो सगळ्यासाठी वापरतो, हे ताईने दरवर्षी वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न काढला होता. तो धडा आणि ती खोली कधी एकमेकांशेजारी आली नव्हती. की तिनेच येऊ दिली नव्हती, कुणास ठाऊक.

"सुरुवातीला डोक्यात जायचं," दादा सांगत होता. "रात्रंदिवस मी करतोय आणि नाव तुझं. एकदा तर ओरडलो त्यांच्यावर, मी बारकी नाही म्हणून. ते नुसते बघत राहिले आणि परत तेच म्हणाले. मग हळूहळू मला त्यातला फरक कळायला लागला. पाण्याचं बारके वेगळं, दुखण्याचं वेगळं. शेवटी शेवटी तर मी दुकानात असलो आणि वरून हाक आली की नुसत्या सुरावरून कळायचं काय हवंय. ओ द्यायचो, आलो म्हणून." त्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "लोक म्हणाले, सुटले. वहिनी तुझी दमली होती, तिलाही थोडं सुटल्यासारखं झालं असेल, तिचं चूक नाही. पण मला काय झालं सांगू? मला कुणी हाकच मारेना. दुकानात बसलो की कान वर. तेवढी एकच हाक होती, आणि तीही माझ्या नावाची नव्हती. तरी माझीच होती ती."

ताईने विचारलं ते लहान मुलीने विचारावं तसं होतं. "मग मला ओळखत होते की नाही?"

दादाने खोटं सांगितलं नाही. "माहीत नाही गं. तू आलीस की सूर वेगळा लागायचा का, ते मी कधी नीट ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं मला."

वहिनीने वरून जेवायला हाक मारली. दोघं गेले, जेवले, इकडचं तिकडचं बोलले. ताई दुपारच्याच गाडीने परत निघाली. इतकी वर्षं जपलेली ती ऊब आता तिच्याजवळ नव्हती. ज्याने ती काढून घेतली त्याच्यावर रागवावं, तर त्यानेच ती इतकी वर्षं तिच्यासाठी सांभाळली होती. तिने बरेच दिवस दादाला फोन केला नाही. त्यानेही केला नाही. मध्ये एकदा वहिनीचा आला. "हे विचारत होते, तुमची ती तोंडी परीक्षा कधी आहे?" ताईने तारीख सांगितली.

परीक्षेच्या दिवशी सभागृहात शेवटच्या रांगेत दादा दिसला. कामाचा दिवस, म्हणजे दुकान बंद ठेवून आला होता. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर दोन्ही हात, एखाद्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असल्यासारखा.

बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी प्रबंधाची पद्धत नावाजली, मग पानं उलटत म्हणाले, "एक शंका आहे. तुमचा पहिल्या प्रकरणातला प्रश्न फार धीट आहे. शेवट मात्र अगदी सावध. मधे काहीतरी होतं आणि ते नाहीसं झालं, असं मला वाचताना सारखं वाटत होतं."

मॅडमने ताईकडे पाहिलं.

"एका सहभागी व्यक्तीने माहिती मागे घेतली," ताई म्हणाली. "पद्धतीच्या प्रकरणात त्याची नोंद आहे."

"ते वाचलं मी. त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं का?"

"त्या दिवसाचं होतं."

"म्हणजे?"

"लोक आपल्याला जे सांगतात ते त्या दिवशी खरं असतं, सर. मी एकेका माणसाला एकदाच भेटले. पुन्हा भेटले असते तर कदाचित वेगळं काही ऐकलं असतं. माझ्या अभ्यासाची ही मोठी त्रुटी आहे, आणि ती मला फार उशिरा कळली."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "हे शेवटच्या प्रकरणात लिहा," ते म्हणाले. "एवढी एक दुरुस्ती करून द्या." पदवीची शिफारस झाली. टाळ्या वाजल्या, त्या बेताच्याच होत्या. मॅडम जवळ आली, तिने ताईचा खांदा दाबला आणि म्हणाली, "लंगडा आहे, पण चालतोय." बऱ्याच महिन्यांनी ती तिच्याशी हसली होती.

बाहेर व्हरांड्यात दादा उभा होता. "मला निम्मं कळलं नाही," तो म्हणाला. "पण त्या परीक्षकांची फ्रेम त्यांच्या मापाची नाही. सारखी नाकावरून घसरत होती. आणि तू वाचताना कागद एवढा लांब का धरत होतीस?"

"सवय आहे."

"सवय नाही ती. ये एकदा, तपासतो."

पुढच्या सुट्टीत ती गेली, सकाळी दुकान उघडायच्या आधी. दादाने तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर जड लोखंडी चौकट ठेवली आणि तीत भिंगं घालत-काढत विचारत राहिला, "आता? आणि आता?" जवळचा नंबर लागला होता. वयाप्रमाणेच आहे, तो म्हणाला. मग चौकट काढून घेऊन तो तिच्या समोरच्या स्टुलावर बसला.

"बाबांची दाढी कोण करायचं?" ताईने विचारलं.

"मीच की."

"कशी? मला माहीतच नाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. ती लिहिणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. तो सांगायला लागला. पाणी किती कोमट लागायचं, डाव्या गालाला कळायचं आणि उजव्याला नाही, म्हणून सुरुवात नेहमी डावीकडून करायची. फेस लागला की ते डोळे मिटून घ्यायचे, आणि दाढी होईपर्यंत एक शब्दही काढायचे नाहीत. दिवसातला तेवढाच वेळ घर शांत असायचं. आरसा दाखवला की स्वतःकडे न बघता आरशातल्या दादाकडे बघायचे.

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा दादाने बाहेर डोकावून त्याला बाकावर बसायला सांगितलं. "थोडा वेळ लागेल हं," तो म्हणाला, आणि पुन्हा ताईकडे वळला.